मदत हवी आहे: थंडीत टिकणाऱ्या बीफ गायींसाठी वळू कोणता घ्यावा?

मंडळी, जरा अनुभवी लोकांचं मत पाहिजे. माझ्या गायी अँगस आहेत, मांसासाठीच पाळल्यात, पण हिवाळा कडक असतो आणि उघड्यावर राहतात त्यामुळे पुढची पिढी थंडीला अजून काटक व्हावी असं वाटतंय. डोक्यात दोन ब्रीड आहेत, गॅलोवे आणि हायलँड. दोघांनाही दुहेरी केस, बाहेरचे लांब आणि आत मऊ दाट थर, त्यामुळे चरबी फार न चढवता ऊब टिकते. पण हायलँड वाढायला हळू, शिवाय शिंगांची जात. गॅलोवे मुळातच बिनशिंगी म्हणून माझा कल तिकडे आहे, पण क्रॉसच्या वासरांत तो दाट कोट कितपत उतरतो? कोणी केलंय का?

दुसरं म्हणजे कोरडी थंडी गायी आरामात काढतात, कोट कोरडा असेल तर साधारण उणे ७-८ अंशापर्यंत जादा चारा पण लागत नाही, पण अंग भिजलं की १५ अंशाखालीच थंडी बाधायला लागते, खरा शत्रू ओला वाराच. मग निवड करताना फक्त केस बघायचे की कातडीची जाडी पण?

आणि व्याण्याचं. ओलं वासरू थंडीत पडलं की कानांची टोकं गोठतात, बघवत नाही हो. गाभण काळ साधारण २८३ दिवस धरून वळू उशिरा सोडावा म्हणतोय, म्हणजे वासरं वसंतात येतील, पण मग विक्रीच्या वेळी वजनात मार खातात का? आणि पहिलटकर कालवडींना कोणता वळू लावता तेही सांगा प्लीज.