आंग्रिया बँक स्कूबासाठी खुली करायची एवढी घाई कसली?

खडपकर
काल इथेच एक पोस्ट वाचली. मथितार्थ असा, की आंग्रिया बँक (अरबी समुद्रातलं पाण्याखालचं प्रवाळाचं पठार) ताबडतोब स्कूबाला खुली करा, फॅमिली पॅकेज काढा, मालदीव-थायलंडला जाणारा पैसा विजयदुर्ग-देवगडात येईल, आणि जे नको म्हणतात त्यांना कोकणाचा विकास बघवत नाही. तिथेच उत्तर लिहायला घेतलं आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, ती जागा म्हणजे तारकर्ली नव्हे. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत, बेट नाही, पाण्याबाहेर डोकावणारा एक खडक नाही. चहूबाजूंनी शेकडो मीटर खोल पाणी आणि मध्ये पाण्याखालचं प्रवाळाचं पठार, ज्याचा माथाच साधारण २० मीटरवर आहे. ओपन वॉटर सर्टिफिकेटवाल्याची मर्यादा १८ मीटर, ट्राय डाईव्ह १२ च्या खाली न्यायचाच नसतो. मग हे फॅमिली पॅकेज करणार काय, वर तरंगत बसणार? ३० मीटरवर टाकीतली हवा पृष्ठभागाच्या चौपट वेगाने संपते, डीकोशिवाय, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं न लागता, खाली राहायला मिळतात जेमतेम २० मिनिटं, त्यात मोकळ्या समुद्रातला करंट, दोर सुटला की माणूस बोटीपासून कुठच्या कुठे. आणि कुणाला बेंड्स झाला, म्हणजे भरभर वर आल्याने रक्तात बुडबुडे धरले, तर? दहा नॉटच्या बोटीला नुसतं किनाऱ्याला लागायला पाच-सहा तास, त्यावर उपचाराचा दाबाचा चेंबर मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात. हेलिकॉप्टर म्हणाल तर तेही अगदी खालून उडवावं लागतं, उंचीवर रक्तातले बुडबुडे आणखी फुगतात.

आणि कायदा. राज्याची हद्द १२ नॉटिकल मैल, आंग्रिया त्याच्या कितीतरी बाहेर, ईईझेडमध्ये, म्हणजे देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात. मालवणसारखं अभयारण्य तिथे राज्याला जाहीर करता येत नाही, केंद्राने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली डिझिग्नेटेड एरिया (खास घोषित क्षेत्र) करावा लागेल. आधी ते होऊ दे. त्याच्याआधी तिकीट विकणारा एकही माणूस तिथे जाता कामा नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

निळीखोली
दादा, मी इन्स्ट्रक्टर आहे. सेफ्टीचं सगळं मान्य, फॅमिली पॅकेज हा मूर्खपणा आहे हेही मान्य. पण तुम्ही एका फालतू पोस्टच्या आडून सगळ्याच डायव्हरांना दार बंद करताय. जगात अशा जागा चालतात. कोस्टारिकाचं कोकोस बेट किनाऱ्यापासून साडेपाचशे किमी, दीड दिवस लिव्हअबोर्डने, म्हणजे मुक्कामाच्या डाईव्ह बोटीने, जायचं, आजूबाजूच्या समुद्रातल्या डोंगरांवर हॅमरहेड बघायला जगभरातून लोक येतात. मलेशियाचं सिपादान घ्या, समुद्राच्या तळापासून वर आलेला ज्वालामुखीचा सुळका, वर प्रवाळ. २००४ ला बेटावरची रिसॉर्ट्स उठवली, मग दिवसाला १२० परमिट ठेवले. धंदा बंद पडला का? मी स्वतः थायलंडला रिशेल्यू रॉकवर उतरलोय, पहिल्या पाच मिनिटांत माशांच्या थव्यामुळे माझा बडी, म्हणजे जोडीचा डायव्हरच, मला दिसेना. तसं काही आपल्या दारात असताना आमच्या पोरांनी आयुष्यभर किल्ल्याजवळ पाच-सहा मीटरवर पर्यटकांचे हात धरूनच फिरायचं का?

आडवली_एक्सप्रेस
तुमचे पर्यटक विजयदुर्गला पोचणार कसे ते आधी सांगा. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून बघतोय. गणपतीला माणगावात अडकून पोरं रडतात आणि इथे लिव्हअबोर्डच्या गप्पा.

साळगावकरीण
हायवेचा वेगळा धागा आहे, तिकडे जा प्लीज.
@निळीखोली, थायलंडचं अर्धंच सांगितलंत. रिशेल्यू रॉकच्या त्याच समुद्रातलं को ताचाई २०१६ मध्ये गर्दीमुळे बंद करावं लागलं. माया बे २०१८ ते २०२२ बंद होतं. त्यांच्याकडे रेंजर आहेत, बोटी आहेत, दंड आहे, तरी ही गत. आपल्याकडे काय आहे? गेल्या मे महिन्यात भाच्यांना घेऊन मालवणात गेले होते. आमच्या गाईडने खाली गेल्या गेल्या पिशवीतून पाव काढून माशांना घातला, फोटोसाठी. एक काका सरळ प्रवाळावर उभे, त्यांना कुणी हटकलं नाही. वर आल्यावर मी बोलले तर मला म्हणे, ताई, मासे नाय दिसले तर गिराईक पैसे परत मागता. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाच्या रांगेत. वाघावर उभं राहून कुणी फोटो काढेल का?

निळीखोली
पाववाल्यांची बाजू मी घेत नाही, कधीच घेतली नाही. आमच्याकडे तसलं चालत नाही. पण ते आठशे-हजारात गिराईक उतरवणारे, आणि २५ मीटरवर करंटमध्ये स्वतःला सांभाळणारे डायव्हर, दोघांना एकाच मापाने मोजू नका.
आणि मूळ मुद्दा कुणीच घेत नाहीये. आज आंग्रियावर डायव्हर नाहीत, मग तिथे शांतता आहे का? ट्रॉलर जातात. रात्री लाईट लागतात. बघायला कोणी नाही म्हणूनच तिथे वाट्टेल ते चालतं.

रापणकाराचो_झिल
आता खरा बोललास. स्कूबा ऱ्हवांदे बाजूक. रात्री किनाऱ्यार उभे ऱ्हवा आणि दर्याकडे बघा, मासे ओढूक लावलेल्या एलईडीच्या लायटीन थंय गाव वसल्यासारख्या दिसता. केंद्रान २०१७ साली बंदी घातली, ईईझेडात सुद्धा. थांबली? माझो बापूस रापण (किनाऱ्यारसून ओढूचा जाळा) ओढी, बांगडे-पेडवे होडी भरान येयत. आता अख्खो दिवस रापण लावन माणसांची वाटणी सुटना नाय. तुमका पवळ्यांची काळजी असा, बरा असा. पण पर्ससीन (अख्खो थवो घेरणारा मोठा जाळा) आणि एलईडीवाल्यांनी दर्यो खरवडून न्हेलो त्येच्यार कोण धागो काढना नाय.

मिरकरवाडा_बॉय
पर्ससीन आणि एलईडी एकत्र कालवू नका. आमची पर्ससीन आहे, लायसन्सवाली, लपवत नाही. २०१६ च्या आदेशाने आम्हाला वर्षाचे चार महिने दिले, सप्टेंबर ते डिसेंबर. त्यात वादळं धरा. कर्ज बारा महिन्यांचं, खलाशांचा पगार, बर्फ, डिझेल. सगळा दोष आमच्यावर ढकलायचा आणि कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर तुमच्या डोळ्यांदेखत सुरमई घेऊन जातात तेव्हा कुठे असता?

रापणकाराचो_झिल
आमी खंय आसतंव? आमी होडये घेवन तेंच्या आडवे जातंव. आमचे लोक केसी अंगार घेवन कोर्टात फेरे मारतत. तू ए-वन बर्फ घालून मासो विकतंस आणि माका इचारतंस खंय आसतंव?

मिरकरवाडा_बॉय
भाषा सांभाळ. माझे आजोबा पण होडीवरच होते. पर्ससीनवाला म्हणजे दरोडेखोर असं लिहिणाऱ्यांनी एकदा बोटीवर येऊन बघावं.

साळगावकरीण
तुम्ही दोघं भांडताय पण सांगताय एकच गोष्ट. बंदी कागदावर आहे आणि गस्त नाही. राज्याचा कायदा १९८१ चा, २०२१ ला दंड वाढवला, तो १२ मैलांच्या आत. आतसुद्धा गस्ती नौका पुरत नाहीत तर शंभर किलोमीटरवर कोण जाणार?

रापणकाराचो_झिल
ह्या मातर खरा.

मिरकरवाडा_बॉय
एवढ्यापुरतं मान्य. बाकी माझं म्हणणं तेच आहे.

पाणकावळा_६१
मी समुद्रशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. खडपकरांचं एक पटत नाही. २०१९ च्या डिसेंबरात आंग्रियावर संशोधकांची मोहीम गेली होती, तशी मोहीम रोज निघत नाही, जहाज लागतं, पैसा लागतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला प्रवाळ पांढरे पडले हे आपल्याला कळलं कारण तिथे वर्षानुवर्षं पाण्यात उतरणारी माणसं आहेत. २०२४ मध्ये पुन्हा जगभर ब्लीचिंग झालं. आंग्रियावर तेव्हा काय झालं हे सांगायला कोण होतं? शिकलेले डायव्हर वर्षातून ठरावीक वेळा, त्याच त्याच जागी उतरून फोटो काढत राहिले तर त्याचा उपयोग आहे. दार कायमचं लावून जागा वाचत नाही.

खडपकर
सर, कायमचं लावा असं मी कुठेही लिहिलं नाही. आधी डिझिग्नेटेड एरिया, असं लिहिलंय. क्रम महत्त्वाचा आहे आणि तोच सगळे विसरतायत. मालवणचं अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं, २९ चौरस किमी, आणि मच्छीमारांना विश्वासात न घेतल्यामुळे तिथला विरोध अजून संपलेला नाही. आंग्रियाला तीच चूक नको. सुरमईला तिथे जाणाऱ्या तांडेलांशी (बोटीच्या नाखव्यांशी) आधी बोला, त्यांना त्या पाण्याचा करंट कुठल्याही इन्स्ट्रक्टरपेक्षा जास्त कळतो.

निळीखोली
तांडेलांबद्दल वाद नाही, माझा बोटवाला तोच आहे. पण केंद्राची घोषणा कधी? माझे डायव्हमास्टर झालेले दोघे अंदमानला नोकरीला गेले, तिसरा मुरुडेश्वरला नेत्राणी बेटाच्या डाईव्ह बोटींवर लागलाय. पोरं शिकवायची आम्ही आणि जायची बाहेर. तुम्ही क्रम सांगता, इथे माणसं थांबत नाहीत.

खडपकर
पोरं जातात हे वाईट आहे, ते मलाही लागतं, माझा पुतण्याही गोव्यात बोटीवर आहे. म्हणून सर म्हणतात त्याला माझी हरकत नाही: घोषणेआधी फक्त सर्व्हेचे डाईव्ह, संशोधकांबरोबर, पगारी, त्यात मालवण-देवगडचेच डायव्हमास्टर आणि इथलेच तांडेल. नांगर टाकायचा नाही, बोट चालू ठेवून डायव्हर उचलायचे. तिकीट नाही. घोषणा झाल्यावर सिपादानसारखे मोजके परमिट, तेही ॲडव्हान्स्डवाल्यांनाच. याच्या पलीकडे मी एक इंच सरकणार नाही.

निळीखोली
नांगर न टाकता त्या करंटमध्ये डायव्हर उचलायचे म्हणजे दोन बोटी लागतील, खर्च दुप्पट. पण ठीक आहे, नांगराने प्रवाळ फोडण्यापेक्षा ते परवडलं. परमिटचा आकडा मात्र बसून ठरवू, तुम्ही एकट्याने नाही.

रापणकाराचो_झिल
सर्व्हेक जातलास तेव्हा रात्रीच्या लायटींचे पण फोटो काढा, तारीख आणि जीपीएस घालून. आमच्या सोसायटीक व्हये असत.

पाणकावळा_६१
त्याचा तक्ता कसा भरायचा ते मी लिहून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आडवली_एक्सप्रेस
आणि माणगावचा बायपास?