रोलमध्ये चाल हरवते तेव्हा

पाच तारांच्या बँजोवर रोल (बोटांनी ठरावीक क्रमाने तारा छेडण्याचा नमुना) सफाईने वाजतो पण चाल ऐकू येत नाही, असं एकाने विचारलंय. बहुतेकदा रोल आधी ठरवून सूर त्यात कोंबले जातात. उलट करा. ओपन जी ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर कॉर्ड वाजते अशी जुळणी) आधी नुसती चाल अंगठ्याने वाजवा, पाठ होईपर्यंत. मग ३-२-५-१-४-२-५-१ हा रोल घ्या (आकडे तारांचे). यात पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा आघात अंगठ्याचा. चालीचा सूर पहिल्या आणि पाचव्यावर ठेवा, बाकीचे हलके. चाल दुसऱ्या तारेवर गेली की २-१-५-२-१-५-२-१ जास्त छान: सूर पहिल्या, चौथ्या, सातव्या आघातावर पडतो आणि ब्लूग्रासचा (बँजोप्रधान अमेरिकन लोकसंगीताचा) खरा झोक मिळतो.

इम्प्रोव्हायझेशनची (आयत्या वेळी स्वतःचं काही वाजवण्याची) सुरुवात ओळीअखेर, गायक श्वास घेतो तिथेच करा: तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर स्लाइड (बोट न उचलता सरकवणं), लगेच मोकळी दुसरी तार.