रेटिंग घसरलं की सरकारचं व्याज लगेच वाढतं का?

प्रश्न: देशाचं पतमानांकन (रेटिंग, म्हणजे कर्ज फेडण्याच्या पतीची श्रेणी) एका पायरीने घटलं, तर सगळ्या सरकारी कर्जाचं व्याज वाढतं का? आणि खासगी कंपन्यांना झळ का बसते?

प्रतिसाद १: सगळ्या नाही. जुन्या स्थिर दराच्या रोख्यांचं व्याज ठरलेलं असतं, बदलते ती त्यांची बाजारातली किंमत. महागतं ते नवं कर्ज. समजा कर्ज १०० अब्ज, त्यातलं १२ अब्ज यंदा फेडून नव्याने उचलायचंय. दर अर्ध्या टक्क्याने वाढला तर पहिल्या वर्षी जादा बोजा फक्त ६ कोटी. सगळं कर्ज नव्या दरावर गेल्यावर तो ५० कोटी. म्हणून आधी परतफेडीचं वेळापत्रक बघा.

प्रतिसाद २: पायरी कोणती, हे जास्त महत्त्वाचं. खरी गोम ‘बीबीबी उणे’च्या, म्हणजे गुंतवणूकयोग्य मानल्या जाणाऱ्या शेवटच्या पायरीच्या, खाली. तिथे अनेक फंडांना नियमानुसार रोखे विकावेच लागतात. ग्रीस एप्रिल २०१० मध्ये तिथे घसरला आणि मे महिन्यात युरोपीय मध्यवर्ती बँकेला बँकांना कर्ज देताना घ्यायच्या तारणासाठीची किमान रेटिंगची अट ग्रीसच्या रोख्यांपुरती स्थगित करावी लागली.

प्रतिसाद ३: उलटंही होतं. ऑगस्ट २०११ मध्ये एस अँड पी या रेटिंग संस्थेने अमेरिकेला ‘एएए’ या सर्वोच्च पायरीवरून खाली आणलं, पडले शेअर्स, सरकारी रोखे उलट वधारले! कंपन्यांचं म्हणाल तर बँकांच्या ताळेबंदात सरकारी रोखेच ठासून भरलेले असतात. त्यांची किंमत उतरली की भांडवल आटतं, मग कर्जवाटपात हात आखडतो. शिवाय देशापेक्षा वरचं रेटिंग कंपनीला क्वचितच मिळतं.