शब्दचर्चा : बॅले, साळिंदर आणि परटीणबाई

धागा
सोसायटीतल्या मुलांना रविवारी १९७१चा एक ब्रिटिश चित्रपट दाखवणार आहोत. इंग्रज लेखिका बिअट्रिक्स पॉटरच्या प्राणिकथा, रॉयल बॅलेच्या नर्तकांनी नाचून सांगितलेल्या. नृत्यरचना फ्रेडरिक अ‍ॅश्टनची. फलकावर चार ओळी लिहायच्यात आणि दोन ठिकाणी अडलेय. 'बॅले'ला नृत्यनाट्य म्हणू का? आणि मिसेस टिगी-विंकल, म्हणजे कपडे धुणारी हेजहॉग, तिला 'साळिंदर' चालेल?

प्रतिसाद
बॅलेच ठेवा. पोरांना कळतं.

प्रतिसाद
साळिंदर नको हो ताई! आमच्या वाडीत साळिंदर रात्री येऊन सुरण उकरून जातं. दहा-बारा किलोचं धूड, काटे वीतभर, आणि चिडलं की पाठ करून अंगावर येतं. हेजहॉग ओंजळीत मावतो, किडे-गांडुळं खातो, घाबरला की अंगाचा चेंडू करतो. दोघांचं नातं फक्त काट्यापुरतं. गोष्टीत तिच्या टोपीतून काटे बाहेर आलेले असतात आणि ल्युसी या छोट्या मुलीला त्या उलट्या खोचलेल्या केसांच्या पिना वाटतात. साळिंदराच्या डोक्यावर टोपी राहील तरी का? त्यापेक्षा प्राण्याचं नाव 'हेजहॉग' ठेवा आणि मराठी शब्द तिच्या धंद्याचा घ्या: परटीणबाई. ती सगळ्यांचे कपडे धुऊन, इस्त्री करून घरपोच देते, अजून काय हवं?

प्रतिसाद
परटीणबाई झकास. त्यात एक भर. ती भूमिका खुद्द अ‍ॅश्टननेच केलीय, साठी उलटल्यावर, डोकं पूर्ण झाकून. याला कुणी 'स्त्रीपार्टी' म्हणेल, पण स्त्रीपार्टी म्हटलं की बालगंधर्वांचा शालू डोळ्यांपुढे येतो. इथे डौल नाही, लगबग आहे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: तमाशातली मावशी. गवळणीत पुरुषानेच करायची, हसवायची. 'सिंड्रेला'त १९४८ साली अ‍ॅश्टनने सावत्र बहीण केली होती, तीही याच जातीची.

आता नृत्यनाट्य. हा शब्द ऐकला की मला गाणं ऐकू येतं. रवींद्रनाथांच्या 'श्यामा', 'चंडालिका' यांत गोष्ट गाण्याच्या शब्दांतून चालते. या चित्रपटात अवाक्षर नाही. सगळं पायांनी सांगायचं, कारण चेहरा तर मुखवट्याखाली. म्हणून बॅलेच.

प्रतिसाद
बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर नाचणं, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला. पंचतंत्रातले प्राणी त्यांनीही नाचवले, पण बोटांवर नाचायचे बूट घालून कोणी उभं राहिलं नाही. तरी नावात बॅले होतंच.

प्रतिसाद
बोटांवरून आठवलं, वर्तमानपत्रांत 'चवड्यांवर नाचणे' छापतात ते चूक. टाचा उचलल्या की माणूस चवड्यावर येतो, भिंतीवरचा डबा काढताना आपण येतो तसा. बॅलेरिना त्याच्याही वर, बोटांच्या अगदी टोकावर असते. अ‍ॅश्टनने १९६४च्या 'द ड्रीम' या बॅलेमध्ये गाढवाचं डोकं चढलेल्या बॉटमला (शेक्सपिअरच्या नाटकातला विणकर) मुद्दाम त्या टोकावर नाचवलं. का, तर पाय खुरासारखा दिसावा! 'चवडा' लिहिलं की तो सगळा विनोदच जातो.

धागाकर्ती
मग 'मुखवटा' तरी बरोबर आहे का? डोकं गळ्यापर्यंत झाकलेलं आहे, शेपटी आहे, चालही प्राण्याचीच.

प्रतिसाद
'सोंग' लिहा. आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवात, सोंग नाचवतात. मुखवटा, कपडे, चाल, सगळं त्यात येतं.

धागाकर्ती
फलक लिहिला: 'प्राण्यांची सोंगं, एकही संवाद नसलेला बॅले. परटीणबाई पाहायला विसरू नका.' बेडकाच्या नाचाला 'झेप' लिहिलं होतं, ते शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीने वाचून खोडायला लावलं. म्हणाली, "मावशी, बेडूकउडी असते ती."