शब्दचर्चा: त्वरण, प्रवेग आणि टोकाला थांबलेला झोपाळा

शिंपला:
भाची अकरावीत आहे, विज्ञान इंग्रजीतून शिकते, पण धाकट्या भावाला मराठीतून समजावताना अडते. ‘सरल आवर्त गतीत (झोक्यासारख्या मागेपुढे होणाऱ्या गतीत) टोकाला वेग शून्य आणि त्वरण कमाल’ हे वाक्य तिला पाठ आहे. भाऊ म्हणतो, जे थांबलंय त्याला त्वरा कसली? मलाही उत्तर सुचलं नाही. ‘त्वरण’ हा शब्दच दिशाभूल करतो का? दुसरा काही आहे का? आणि ‘चाल’ व ‘वेग’ हा फरक बोलतानाही पाळायचा का?

कडीपाट:
भाऊ हुशार आहे. ‘त्वरण’ आणि ‘त्वरा’ एकाच धातूतून आले, त्यामुळे कानाला घाईच ऐकू येते. शास्त्रात मात्र त्वरण म्हणजे घाई नव्हे. वेग किती भराभर बदलतोय, त्याचं ते माप. मराठी विश्वकोशात यालाच ‘प्रवेग’ म्हटलंय. मला तो जास्त आवडतो, कारण त्यात निदान वेग दिसतो. पण शाळेत त्वरण रुळलंय, आता मुलांच्या वह्या खोडायला लावू नका.

शब्दांपेक्षा झोपाळ्यावर लवकर कळेल. आमच्या माजघरातला झोपाळा अडीच मीटर लांब कड्यांचा आहे. जाऊन-येऊन एक असे दहा झोके मोजले तर सुमारे ३२ सेकंद लागतात. पाट अर्धा मीटर मागे ओढून सोडला, तर मधून जाताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ एक मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा. तिथे त्वरण शून्य. टोकाला वेग शून्य आणि त्वरण सेकंदाला सेकंदामागे सुमारे १.९६ मीटर, गुरुत्व त्वरणाचा पाचवा भाग.

आता भावाला पाटावर बसवा आणि भाचीला पाट अर्धा मीटर मागे धरून ठेवायला सांगा. पोरगं आणि पाट मिळून २५ किलो असतील, तर तिच्या हाताला पाच किलोच्या पिशवीएवढी ओढ लागेल. सगळं स्तब्ध आहे, तरी ओढ आहे. हात सोडला की त्याच क्षणी ती ओढ वेग निर्माण करू लागते. झोका घेताना टोकाचा क्षण नेमका असाच असतो, फक्त धरणारा हात नसतो. पाट मधोमध आणून धरा, हाताला काहीच लागणार नाही.

तिरपी रेघ:
कडीपाट, एक दुरुस्ती. झोपाळा कमानीत फिरतो, त्यामुळे मधोमधही कडीच्या दिशेने वर थोडं त्वरण असतंच. तुमच्या आकड्यांनी सुमारे ०.४. शून्य असतं ते फक्त मागेपुढेचं. काटेकोर सरल आवर्त गती हवी असेल तर स्प्रिंगला वजन लावा.

कडीपाट:
मान्य. पण स्प्रिंगवर भाऊ बसत नाही.

अंशछेद:
चाल-वेगाबद्दल. शाळेच्या पुस्तकात वेगाला दिशा असते, चालीला नसते. बोलताना कोणी ‘गाडीची चाल ताशी साठ’ म्हणत नाही, वेगच म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही. ‘चाल’ आपल्याकडे गाण्याला असते, बुद्धिबळात असते, शत्रूवर चाल करून जातात. झोक्यात मात्र फरक पाळावाच लागतो. मधून पुढे जाताना आणि मधून मागे येताना चाल एकच, वेग उलट.

गंमत म्हणजे ‘वेग’ ज्या ‘विज्’ धातूतून आला त्याचा अर्थच हलणं, थरथरणं. ‘उद्वेग’ त्याच घरातला. आयुर्वेदात तर ‘वेग’ म्हणजे शिंक, जांभई, भूक असे तेरा नैसर्गिक आवेग, जे अडवू नयेत. तेव्हा भाचीला सांगा, कंपनाच्या धड्यात हा शब्द अगदी माहेरी आलाय.

मला खरा राग आहे तो याच गतीच्या दुसऱ्या नावावर, ‘सरल हरात्मक गती’वर. ‘हर’ म्हणजे छेद. हरात्मक श्रेढीत (१/२, १/३, १/४ अशा ओळीत) तो शोभतो, कारण तिथे छेदांना काम आहे. झोक्यात छेद कुठला? त्यात आपण मराठीत ‘अंश-छेद’ म्हणतो, ‘हर’ म्हटलं की शंकर आठवतो. ‘आवर्त’ बरा, निदान परत येणं त्यात आहे. ‘सरल’लाही मुलं ‘सरळ’ समजतात, म्हणजे सरळ रेषेतली. अर्थ ‘साधी’ एवढाच.

तिरपी रेघ:
‘आवर्त’ही पुरता नाही. घड्याळाचा काटा पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, म्हणून त्याची गती आवर्ती खरी, पण सरल आवर्त नव्हे. खूण एकच: मध्यापासून जितकं दूर, त्याच प्रमाणात त्वरण, आणि तेही मध्याकडे. सूत्रातलं (त्वरण = −स्थिरांक × मध्यापासूनचं अंतर) ऋण चिन्ह एवढंच सांगतं. इथे मुलं हमखास घसरतात, कारण नववीत ‘ऋण त्वरण म्हणजे मंदन’, म्हणजे वेग मंदावणं, असं पक्कं झालेलं असतं. उजवी बाजू धन धरली, तर उजव्या टोकाकडून मध्याकडे येताना चिन्ह ऋण असतं, तरी पाट वेग घेत असतो. मंदन होतं ते मध्याकडून टोकाकडे जाताना, मग चिन्ह काहीही असो.

आणखी एक करून बघायला द्या. टोक आणि मध्य यांच्या बरोबर निम्म्यावर त्वरण कमालाच्या निम्मं असतं, पण वेग निम्मा नसतो. तो कमालाच्या सुमारे ८७ टक्के असतो. म्हणजे झोका बराचसा वेग टोकाजवळच्या अर्ध्या वाटेतच मिळवतो.

शिंपला:
सगळ्यांचे आभार. आमच्याकडे झोपाळा नाही, म्हणून आईची जुनी साडी आंब्याच्या फांदीला बांधली. भाऊ मागे धरून ठेवल्यावर ‘ओढतंय, ओढतंय’ ओरडला, मधोमध आणल्यावर म्हणाला ‘आता नाही ओढत’. भाचीने वहीत त्वरणाच्या शेजारी पेन्सिलीने ‘ओढ’ लिहिलंय. परीक्षेत चालेल का?

अंशछेद:
परीक्षेत नाही. ओढ म्हणजे बल, विश्वकोशाच्या भाषेत ‘प्रेरणा’. तिला वस्तुमानाने भागलं की त्वरण. पेन्सिलीनेच राहू द्या, खोडू नका.

कडीपाट:
विदर्भातल्या कोणी असाल तर सांगा, तुमच्याकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात, पण मग तिच्या हेलकाव्याला ‘झोका’च म्हणता की आणखी काही?