मदत हवी आहे: प्रकाशवेगाचे जुने आकडे उतरत गेलेले दिसतात, म्हणजे स्थिरांक बदलतात का?

आलेखवाला:
भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसनचा १८७९ चा आकडा २,९९,९१० (±५०) किमी प्रतिसेकंद, १९२६ चा २,९९,७९६ (±४). त्याच्या मृत्यूनंतर पीज आणि पिअरसन यांनी पुरा केलेला १९३५ चा प्रयोग २,९९,७७४ (±११) देतो. एक्सेलमध्ये रेषा बसवली तर उतार सरळ दिसतो. तो खरा मानावा का? नसेल तर स्थिरांक बदलतो की नाही हे तपासतात कशावरून? 'स्थिरांक म्हणजे स्थिरच' असली उत्तरे कृपया नकोत.

काटेतोल:
एक्सेलची ट्रेंडलाइन ±५० आणि ±४ ला एकाच मापाने मोजते. वजन द्या: १ भागिले त्रुटीचा वर्ग.

पण त्याआधी सपाट रेषा (म्हणजे वेग बदललाच नाही असे धरून) तपासा. प्रत्येक आकड्यातून आजचा ठरलेला वेग २,९९,७९२.४५८ वजा करा, त्रुटीने भागा, वर्ग करा. ५.५, ०.८ आणि २.८ येतील. बेरीज ९.१, तिनाने भागून ३.०. हे १ च्या आसपास हवे होते. म्हणजे त्या काळचे एरर बार (± ने दिलेल्या त्रुटी) तोकडे आहेत. ते ३.० च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७ ने, ताणले की १८७९ आणि १९३५ मधला १३६ किमीचा फरक जेमतेम दीड सिग्मा (त्या फरकाच्या त्रुटीच्या दीडपट) उरतो. यावर कोणी पैज लावणार नाही.

आणि फूकोचा १८६२ चा २,९८,००० का गाळलात? तो घेऊन तुमचीच बिनवजनाची रेषा पुन्हा बसवा, चढती येईल. पुढे १९५० मध्ये एसेनला सूक्ष्मलहरींनी २,९९,७९२.५ मिळाले. १५ वर्षांत प्रकाश १८ किमीने वेगवान झाला म्हणायचे का?

बिनएकक:
१९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशवेगावरून आहे, त्यामुळे तो आकडा आता बदलूच शकत नाही. आधीही मोजपट्टी आणि घड्याळ अणूंचेच होते. बदल प्रकाशात झाला की पट्टीत, हे कळायला मार्ग नाही. म्हणून ज्याला एकक नाही अशी संख्या धरतात: विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा सूक्ष्मरचना स्थिरांक अल्फा (सुमारे १/१३७.०३६) किंवा प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानांचे गुणोत्तर (१८३६.१५).

सर्वांत काटेकोर तपासणी अणुघड्याळांची. यिटर्बियमच्या एकाच आयनात दोन संक्रमणे (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांमधल्या उड्या) घ्या. अल्फा बदलला तर एकाची वारंवारता त्याच्या सुमारे उणे सहापट सरकते, दुसऱ्याची अधिक एकपट. दोन्हींचे गुणोत्तर वर्षानुवर्षे नोंदवायचे आणि वार्षिक सापेक्ष सरक उणे सातने भागायची. जर्मनीच्या पीटीबी संस्थेचा २०२१ चा निकाल: बदल असलाच तर वर्षाला १० च्या उणे १८व्या घाताच्या आसपास, आणि त्रुटीही तेवढीच. म्हणजे शून्याशी सुसंगत.

आलेखवाला:
हिशेब पटला, फूको आता यादीत घेतो. पण क्वेसारच्या (अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिकाकेंद्रांच्या) प्रकाशात अल्फाचा बदल सापडला होता ना?

काटेतोल:
वेब आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा दावा. केक दुर्बिणीच्या वर्णपटांत अल्फा पूर्वी लाखात साधारण एका भागाने लहान दिसला. क्वेसारच्या वाटेतल्या वायूतल्या मॅग्नेशियमच्या शोषणरेषा फारशा हलत नाहीत, लोखंडाच्या हलतात. दोन्हींतले अंतर बघायचे. गोम इथेच आहे. अल्फात लाखात एकाचा फरक पडला तर लोखंडाची रेषा फक्त २०० मीटर प्रतिसेकंदाएवढी सरकते. थोरियम-आर्गॉन दिव्यावर अंशांकन केलेल्या वर्णपटमापकांत तेवढाच, कधी त्याहून मोठा, तरंगलांबीचा पीळ निघाला. लघुग्रहांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश आणि सूर्यासारखे तारे यांच्याशी ताडून तो पकडला गेला. शिवाय मॅग्नेशियमच्या समस्थानिकांचे प्रमाण तिथेही पृथ्वीसारखेच धरलेले असते. ते वेगळे असेल तर अल्फा न बदलताही बदललेला दिसतो. माझ्या मते दावा मेलेला नाही, पण त्यावर इमारत बांधू नये.

बिनएकक:
एक सावधगिरी: घड्याळांची मर्यादा १० अब्ज वर्षे मागे ताणून क्वेसारचा निकाल खोडू नका. बदल पूर्वी होऊन थांबलाही असेल. त्या मधल्या काळासाठी गॅबनमधली ओक्लोची नैसर्गिक अणुभट्टी बघा, सुमारे १.८ अब्ज वर्षांपूर्वीची. समॅरियम-१४९ चा न्यूट्रॉन-अनुनाद (ज्या ऊर्जेचे न्यूट्रॉन तो विशेष जोराने गिळतो ती) ०.०९७३ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. तो किंचित हलला असता तरी तिथल्या खनिजात उरलेले समॅरियम वेगळे निघाले असते. त्यावरून अल्फातला फरक कोटीत एकाच्या आसपासच बसतो, मात्र अणुभट्टीचे तापमान आणि बाकीचे स्थिरांक गृहीत धरून.

आलेख काढायचाच तर उभ्या अक्षावर अल्फातला सापेक्ष बदल ठेवा आणि आडवा अक्ष लॉगमध्ये घ्या. नाहीतर घड्याळांचे सगळे बिंदू शून्यापाशी चिकटतील.