गाडी कंपनीची, पण गिऱ्हाईक कोणाचं?

वर्कशॉपवाला (धागाकर्ता)
नवी गाडी घेतली की शोरूममधून फोन येतोच: "सर, कंपनीचा फीडबॅक कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या." लोकांना याचा राग येतो, आणि तो रास्तच आहे. मी एका डीलरकडे सर्व्हिसला आहे. आमच्याकडे नऊ मिळाले तरी इन्सेंटिव्हला कात्री लागते. मग माणूस खूश आहे का, हे विचारायचं राहून जातं आणि नुसता आकडा मागितला जातो.

माझं म्हणणं असं की गिऱ्हाईक टिकतं ते सर्व्हिसच्या काउंटरवर, आणि कंपन्या डीलरला नेमकं तिथेच दुबळं करतात. महिनाअखेर आली की मागणी असो-नसो, गाड्यांचं बिल डीलरच्या नावावर फाडलं जातं. कंपनीच्या लेखी ती विक्री झाली. इकडे गाडी यार्डात पावसात उभी आणि बँकेचं व्याज चालू. सप्टेंबर २०२४ च्या आकडेवारीत डीलरांच्या 'फाडा' संघटनेने सांगितलं होतं की देशभरात ७.९ लाख प्रवासी गाड्या पडून आहेत. म्हणजे ७९,००० कोटींचा माल, ८० ते ८५ दिवसांचा साठा! संघटनेच्या मते २१ दिवसांचा पुरे. हा व्याजाचा खड्डा भरायचा कुठून? ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग यांतूनच.

वॉरंटीचंही तेच. क्लच लवकर गेला की कंपनी फोटो मागवते, जुना पार्ट टॅग लावून ठेवायला सांगते आणि शेवटी 'चालवण्याची पद्धत' म्हणून क्लेम नाकारते. गिऱ्हाइकासमोर उभा मी असतो.

कोथरूडची
साफ असहमत. तुमच्या मालकाचं व्याज माझ्या बिलात का? मी गाडी घेतली तेव्हा कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' अशी ओळ होती. हे कशाचे, असं विचारताच ती ओळ गायब झाली. विमा बाहेरून काढते म्हटल्यावर कबूल केलेली सूट काढून घेतली. विमा कुठूनही घ्यायचा हक्क माझा आहे. असं वागायला डीलरला कंपनीने शिकवलं नव्हतं.

चाकणला गाड्या बनवणाऱ्या मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून पद्धतच बदलली. गाड्यांचा स्टॉक कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर एकच किंमत आणि डीलरला कमिशन. घासाघीस संपली. बाकीच्यांनीही हेच करावं.

खानदेशी
ताई, मर्सिडीज वर्षाला वीसेक हजार गाड्या विकते. लाखांनी गाड्या विकणाऱ्या कंपनीला धुळे-नंदुरबारपर्यंत पोचायला डीलरचंच भांडवल लागतं. जागा त्याची, शेड त्याची, मेकॅनिकचा पगारही त्याचाच.

डीलर नकोच म्हणणाऱ्यांनी ओला इलेक्ट्रिक आठवावी. सगळी दुकानं कंपनीची. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दहा हजारांवर तक्रारींवरून नोटीस काढली. स्कूटर सर्व्हिसला दिली की परत कधी मिळेल याचा पत्ता नाही, अशी लोकांची बोंब होती. गावातला डीलर असता तर त्याच्या दारात जाऊन बसता तरी आलं असतं.

कलम_पोटकलम
एकच किंमत म्हणजे ग्राहकाचं भलं, हेही तपासून बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. आयोगाचं म्हणणं असं: ठरलेल्यापेक्षा जास्त सूट डीलरने द्यायची नाही, कंपनीने बनावट गिऱ्हाईक पाठवून ते तपासायचं आणि सापडला की डीलरकडून दंड घ्यायचा. सुरुवात एका निनावी ईमेलने झाली आणि तक्रार होती मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोव्याबद्दल. कंपनी त्यावर अपिलात गेली. पण मुद्दा उरतोच: डीलर स्वतःच्या खिशातून सूट देत असेल तर ती अडवून ग्राहकाचं काय भलं झालं?

कोथरूडची
हा मुद्दा मान्य. पण तिथे किंमत कंपनीची आणि जोखीम डीलरची होती. किंमत ठरवणाऱ्यानेच स्टॉक सांभाळावा, एवढंच म्हणतेय.

बीट_मालक
तळेगावला कारखाना होता तेव्हाची शेवरले आजही चालवतोय. २०१७ मध्ये तिची कंपनी जनरल मोटर्सने भारतातली विक्री थांबवली आणि आमच्या डीलरने शोरूमचा बोर्ड उतरवला. पण त्याचा हेड मेकॅनिक तीच माणसं घेऊन शेजारी स्वतःचं गॅरेज उघडून बसला. आम्ही जुने मालक आजही त्याच्याकडेच जातो. पुढची गाडीही त्याला विचारून घेतली, कंपनी कुठली हे नंतर बघितलं.

सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनेही इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. फाडाच्या हिशेबाने १७० डीलर, ३९१ दालनं, सुमारे दोन हजार कोटींची गुंतवणूक आणि चाळीस हजार माणसं. अमेरिकेत डीलरला कंपनीविरुद्ध दाद मागता यावी म्हणून १९५६ पासून केंद्रीय कायदा आहे. आपल्याकडे डीलरांसाठी असा वेगळा कायदा नाही. करार कंपनी लिहिते, डीलर सही करतो.

खानदेशी
+१. २२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला आणि त्यावरचा सेस, म्हणजे जादा कर, गेला. गाड्या स्वस्त झाल्या, चांगलंच झालं. पण आधी सेस भरून घेतलेल्या स्टॉकचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजा करायची रक्कम, डीलरांकडे अडकलं, संघटनेचा अंदाज २,५०० कोटींचा.

कोथरूडची
कायदा जरूर करा, पण त्यात ग्राहकही असू द्या. यार्डात चार महिने उभी राहिलेली गाडी, बॅटरी उतरलेली, टायर एका बाजूने बसलेले, 'फ्रेश स्टॉक' म्हणून विकली जाते. चासी नंबरातून उत्पादनाचा महिना काढणं सगळ्यांना जमत नाही. तो महिना कोटेशनवरच मोठ्या अक्षरांत छापायची सक्ती हवी.

वर्कशॉपवाला
मी तयार आहे. फक्त शेजारी आणखी एक तारीख छापा: कंपनीने ती गाडी डीलरच्या नावावर कधी बिल केली, ती. दोन्ही तारखा समोर आल्या की यार्डात गाड्या कोणामुळे तुंबल्या ते गिऱ्हाइकालाच दिसेल.